दारचे कुत्रे आणि परसातले पाहुणे



वसंत व्याख्यानमाला हे नाव आपल्याकडे पुण्याहून आले. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली तिथे ही प्रथा सुरू केली, तेव्हा उन्हाळ्यातल्या संध्याकाळी गार वारा सुटतो आणि माणसे दोन घटका ज्ञानाच्या गोष्टी ऐकायला बाहेर पडतात, एवढे त्यांनी गृहीत धरले असावे. आपल्या वरठीत वसंत हा शब्द फक्त पंचांगात आढळतो. पारा पंचेचाळीसच्या घरात, भिंती रात्री नऊपर्यंत तापलेल्या, आणि अशा वेळी आपण घरचा कूलर सोडून इथे जमला आहात. तेव्हा विषय फार लांबचा न घेता आपल्या घरामागचाच घ्यावा असे मी ठरवले.

झाडीपट्टी म्हटली की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांसमोर तलाव, भाताच्या बांध्या आणि जंगल उभे राहते. भंडारा हा तलावांचा जिल्हा, हे आपण अभिमानाने सांगतो आणि ते खरेही आहे. पण चैत्र सरला की बोड्या आटतात, बांध्यांना भेगा पडतात, धुऱ्यावरचे गवत पिवळे पडून कुरकुरते, आणि नवतपा संपेपर्यंत आपण एका लहानशा वाळवंटात राहतो. राजस्थानचे वाळवंट बारा महिन्यांचे, आपले दोन महिन्यांचे, एवढाच काय तो फरक. वाळवंटातला जीवनक्रम पाण्याभोवती फिरतो. आपल्याकडे हे दोन महिने तो घरामागच्या नळाभोवती, मोरीच्या ओलीभोवती आणि कोणी ठेवलेल्या मातीच्या परळाभोवती फिरत असतो. तिथे कोण कोण येते आणि त्यात आपले कुत्रे काय करते, हा आजचा विषय आहे. तो क्षुल्लक वाटेल. पण मला स्वतःला तो तसा वाटत नाही.

परळ कधी लक्ष देऊन पाहिले आहे का? पहाटे साडेपाचला दयाळ येतो. तो पाणी पिण्याआधी कवेलूवर बसून गातो. मग साळुंक्या भांडत येतात, मागोमाग सातभाईंची टोळी. हे पक्षी कधी एकटे येत नाहीत, आले की सगळी वाडी त्यांच्या मालकीची होते. सात वाजता खार. उन्हे वर आली की पक्षी चोच उघडी टाकून, गळा थरथरवीत बसलेले दिसतात. त्यांना आपल्यासारखा घाम येत नाही, गळ्यातली ओल उडवून ते अंगातली उष्णता बाहेर टाकतात, आणि म्हणून त्यांना आपल्याहून पाण्याची घाई अधिक. दुपारी भारद्वाज कुंपणातून पायी पायी येतो, एखाद्या जुन्या कारकुनासारखा. चारच्या सुमारास आंब्यावर वानरे उतरतात, आणि मग पाण्याचे परळ शाबूत राहिले तर नशीब. अधूनमधून, सकाळी किंवा कलत्या उन्हात, कुंपणाच्या बुडातून एक करडी रेघ सरकत येते, थांबते, मागच्या पायांवर उभी राहून चहूकडे पाहते आणि मग पाण्याला तोंड लावते. ते मुंगूस. ज्याच्या परसात मुंगूस पाणी पितो त्याने समजावे की आपल्या वाडीत अजून थोडे रान शिल्लक आहे.

तहानलेल्याला पाणी देण्याची गोष्ट आपल्याला नवी नाही. काशीची गंगा कावडीने रामेश्वराला नेताना एकनाथांनी ती वाटेत तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात ओतली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. उन्हाळ्यात परसात पाणी ठेवणारी आपली आजी ही एकनाथांचीच शिष्या. पण नाथांच्या गोष्टीत वाळूवर एकच गाढव होते. आपल्या परसात पिणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांतले एक आपल्याच दाराशी जीभ बाहेर काढून बसलेले असते. ते पाण्याची राखण आपल्यापेक्षा कडक करते.

आता या कुत्र्याकडे वळू. माणसाचा हा सोबती किती जुना असावा? किमान पंधरा हजार वर्षांचा, असे शास्त्रज्ञ मानतात. गाय, शेळी, कोंबडी ही सगळी मंडळी मागाहून आली. शेतीदेखील मागाहून आली. महाराष्ट्रापुरते पाहायचे तर प्रवरेकाठी दायमाबादला १९७४ साली एका शेतकऱ्याला जमिनीत काशाच्या मूर्ती सापडल्या. त्यांत एक बैलजोडीचा रथ आहे. सारथी उभा आहे, बैल जुंपलेले आहेत आणि दोहोंच्या मधोमध, रथाच्या दांडीवर, एक कुत्रा उभा आहे. ही कलाकृती साडेतीन ते चार हजार वर्षांपूर्वीची असावी असे मानतात. घडवणाऱ्याला कुत्रा गाळता आला असता. पण बैलगाडी म्हटली की तिच्याबरोबर कुत्रा आलाच, हे तो रोज पाहत होता. आजही भातकापणीला निघालेल्या खाचरामागे धावणारा मोत्या पाहिला की मला त्या रथाची आठवण होते. पुढे दत्तात्रेयांच्या पायांशी कुत्री बसली, खंडोबाच्या बाजूला कुत्रा आला, आणि पोळी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, कारण कोरडी पोळी देवाच्या घशात अडकेल ही त्यांना काळजी.

आम्ही मात्र कोरडीच टाकतो, आणि तीही शिळी. इथे माझा पहिला मुद्दा येतो. आपल्या गावात कुत्रे कोणाचे असते? विचारून पाहा. रात्री ते भुंकले आणि चोर पळाला तर ते आमचे. त्याने शेजारच्या पोराची पोटरी धरली की ते गावाचे. त्याला राजा, काळ्या, टायगर असे नाव आम्ही देतो, उरलेला भात आम्ही टाकतो, ते आमच्याच छपरीत झोपते. पण लस टोचण्याचा विषय निघाला की ते एकदम बेवारशी होते. आपण म्हणतो कुत्रे पाळीव आहे. माझ्या मते कुत्रे पुरते पाळीव आहे, मालक तेवढा अर्धा पाळीव आहे. या अर्ध्या पाळण्यातूनच पुढची सगळी दुखणी निघतात.

पहिले दुखणे परसातलेच. कुत्रे मुंगसाला मारील की नाही हा प्रश्न वेगळा. बहुतेक वेळा मुंगूस निसटतो. पण प्रश्न मारण्याचा नाहीच. सोलापूरजवळ नान्नजचे माळरान आहे, माळढोकासाठी राखलेले. तिथल्या खोकडांचा आणि गावकुत्र्यांचा अभ्यास अबी तमीम वनक यांनी केला, आणि त्यांना आढळलेली गोष्ट मोठी उद्बोधक आहे. खोकड उंदीर, किडे, बोरे यांवर जगते आणि कुत्रे माणसाच्या भाकरीवर. म्हणजे दोघांच्या पोटाचे भांडण नाही. तरीही खाणे समोर ठेवलेले असताना जवळपास कुत्रे असले की खोकड कमी खाते, वारंवार मान वर करते, निघून जाते. कुत्र्याने काही केलेच पाहिजे असे नाही, ते नुसते असणे पुरे. हीच गोष्ट आपल्या परळाला लावून पाहा. पंचेचाळीस अंशांत लांबून आलेला जीव पाण्याच्या दहा पावलांवर थांबतो, छपरीतल्या राजाकडे पाहतो आणि तसाच परत फिरतो. आपण परळ भरून ठेवल्याचे समाधान मानतो. पाणी मात्र त्याला मिळालेले नसते.

मुंगसाचा विषय निघालाच आहे तर थोडे थांबतो, कारण त्याच्याविषयी आपल्याकडे गैरसमज फार. साप चावला की ते मुंगूसवेल खाऊन बरे होते, असे अजूनही सांगतात. तसे काही नाही. नागाचे विष ज्या जागी जाऊन मज्जा आणि स्नायूंचा संबंध तोडते, ती जागाच मुंगसाच्या शरीरात किंचित निराळ्या घडणीची असते, त्यामुळे विष तिथे नीट चिकटत नाही. त्यातून अंगावरचे केस फुलवून नागाचा दंश हुकवण्याची त्याची चपळाई. तरी ते अमर नव्हे, विष पुष्कळ गेले तर मरतेच. पण नागापेक्षाही उंदीर, सरडे, किडे, अंडी हेच त्याचे रोजचे जेवण. उंदीर कमी म्हणजे उंदरांमागे येणारे साप कमी, हा त्याचा खरा उपकार. त्याच्या केसांचे रंगाचे ब्रश करण्यासाठी त्याला मारतात. हा व्यापार बेकायदा आहे, तरी चोरून चालतो. चित्रकलेची हौस असणाऱ्या तरुण मंडळींनी ब्रश विकत घेताना एवढी चौकशी करावी. पंचतंत्रातल्या त्या बाईने पाळण्याशेजारी रक्ताळलेले तोंड पाहून इमानी मुंगसाला मारले. आपण तर न पाहताच मारतो.

पाण्याला साप येतात, मग पाणी ठेवायचे तरी कशाला, असे कोणी विचारील. शंका रास्त आहे. ओलीला बेडूक येतात, बेडकामागे साप येतो. म्हणून जमिनीवरचे परळ घराला लागून न ठेवता कुंपणाच्या टोकाला ठेवावे, आणि पक्ष्यांचे भिंतीवर किंवा फांदीच्या बेचक्यात, त्यात एक दगड टाकून, म्हणजे लहान पक्षी बुडत नाही. आणि मण्यारीचे भय पाण्यामुळे वाढत नाही, जमिनीवर उघडे झोपण्यामुळे वाढते. ती रात्री हिंडते, तिचा दंश दुखत नाही, झोपलेल्या माणसाला कळतही नाही. खाटेवर झोपून मच्छरदाणी गादीखाली खोचली तर निम्मे संकट टळते. रात्री कुत्रे एकाच कोपऱ्याकडे तोंड करून अडखळत भुंकू लागले तर त्याला दटावू नका. बॅटरी घ्या, पायांत चपला घाला आणि लांबून पाहा. हे काम ते आपल्यापेक्षा चांगले करते आणि त्यात अनेकदा प्राणाला मुकते.

आता एक वेगळाच धागा घेतो. गावात कुत्री एवढी वाढली कशी? साठीच्या पुढची मंडळी इथे बसली आहेत, त्यांना आठवेल. गावाबाहेर मेलेली गुरे टाकण्याची जागा असे आणि तिथे आकाशातून गिधाडे उतरत. अर्ध्या दिवसात बैलाचा सांगाडा उरे. ती गिधाडे कुठे गेली? १९९० नंतरच्या दशकात ती पटापट मरू लागली. कारण २००४ साली जगापुढे आले. गुरांचे दुखणे थांबवण्यासाठी टोचले जाणारे डायक्लोफेनॅक नावाचे औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जाई आणि त्याची मूत्रपिंडे निकामी होत. गुरांसाठी या औषधावर आपल्या सरकारने २००६ साली बंदी घातली, तोवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी हजारात एखादे उरले होते. पण गुरे मरायची थांबली नव्हती. ते मांस कोणीतरी खाणारच, आणि ते कुत्र्यांनी खाल्ले. १९९२ ते २००६ या काळात देशात यामुळे सुमारे पंचावन्न लाख कुत्री वाढली आणि रेबीजने सत्तेचाळीस हजारांहून अधिक माणसे जास्तीची मेली, असा हिशेब २००८ साली अभ्यासकांनी मांडला. गोठ्यातल्या गाईला दिलेले एक इंजेक्शन, आणि त्याचा शेवट गल्लीतल्या पोराच्या पोटरीवर! निसर्गाची साखळी हा शब्द आपण शाळेत पाठ केला होता, तिची कडी ही अशी आपल्या दाराला येऊन लागते.

गिधाडांची जागा आता उकिरड्याने घेतली आहे. स्टेशन आणि कारखान्यामुळे आपल्या गावात वर्दळ आहे. रेल्वेच्या कागदांत हे स्टेशन भंडारा रोड असले तरी त्या फलाटावरची कुत्री वरठीचीच. जिथे हॉटेलचे उरलेले, कोंबडीच्या दुकानाचे टाकाऊ आणि लग्नाच्या पंगतीतल्या पत्रावळी उघड्यावर पडतात तिथे कुत्री वाढणारच. कुत्रीचा गर्भकाळ अवघा दोन महिन्यांचा. कुत्री मारून हा प्रश्न सुटत नाही, कारण रिकाम्या उकिरड्यावर शेजारच्या गल्लीतली येतात. उकिरडा झाकला तर निम्मे काम होते. हे काम ग्रामपंचायतीचे आहे हे खरे, पण पत्रावळी टाकणारे हात आपलेच.

कोणी म्हणेल, कुत्री परसातल्या खारीमागे धावली तर काय बिघडले? म्हणून थोडे परसाबाहेर जाऊ. आपल्यापासून फार लांब नाही तिथे कोका अभयारण्य आहे, २०१३ साली झालेले. पलीकडे नागझिरा, ज्याच्यावर व्यंकटेश माडगूळकरांनी पुस्तक लिहिले. तसेच नवेगावबांध, जिथे मारुती चितमपल्लींनी वनखात्यात नोकरी करता करता पक्ष्यांची भाषा शिकून घेतली. हे गृहस्थ २०२५ च्या जूनमध्ये गेले. नागझिऱ्याची एक ओळख म्हणजे तिथली रानकुत्री, तांबूस अंगाची, काळ्या शेपटीची, जी भुंकत नाहीत, शीळ घालतात. ती आपल्या मोत्याची लांबची भाऊबंद. जगात प्रजननक्षम अशी रानकुत्री अडीच हजारांच्याही आत उरली असावीत असा आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाचा अंदाज आहे. म्हणजे वरठीच्या एका आठवडी बाजारात जेवढी माणसे जमतात, त्याहून कदाचित कमीच.

भाऊबंदकीत आजारही वाटून घेतले जातात. गावकुत्र्यांत डिस्टेंपर नावाचा रोग असतो. पिल्लाच्या नाकाडोळ्यांतून पाणी येते, झटके येतात, ते मरते, आणि आपण म्हणतो हवा लागली. नान्नजच्या परिसरात गावकुत्र्यांचे रक्त तपासले तेव्हा बहुसंख्य मोठ्या कुत्र्यांना हा रोग आणि पार्वो हे दोन्ही होऊन गेल्याच्या खुणा सापडल्या. १९९४ साली आफ्रिकेत सेरेंगेटीच्या सिंहांत हाच रोग शिरला आणि तिथले सुमारे एक तृतीयांश सिंह गेले. तिथल्या गावांतली कुत्री त्याचे मूळ मानली गेली. आपल्याकडे २०१८ च्या सप्टेंबरात गीरच्या दलखाणिया भागात वीसहून अधिक सिंह मेले, तेव्हाही हा विषाणू आढळला. सिंहाला मारणारा रोग रानकुत्र्याला सोडील काय? मोहफुले वेचायला पहाटे जंगलात जाणाऱ्या बाईच्या मागे तिचे कुत्रे जाते. ते तिला अस्वलाची चाहूल देते, म्हणून ती त्याला नेते, आणि मी तिला दोष देणार नाही. तिच्या कुत्र्याला वर्षातून एकदा दोन सुया टोचल्या गेल्या की जंगलाला त्याची बाधा पुष्कळ कमी होते. एवढी सोय गावात आपण करू शकतो की नाही, हा खरा प्रश्न.

सारसाचेही तसेच आहे. गोंदिया आणि भंडाऱ्याच्या भातपट्ट्यात हा माणसाएवढा पक्षी अजून थोडा उरला आहे. तो बांधीतच घरटे करतो, सहसा दोनच अंडी घालतो. शेतकऱ्याने धान थोडे बाजूला ठेवून घरटे राखले तरी मोकाट कुत्र्यांची टोळी धुऱ्यावरून आली की वर्षाची पैदास गेली. देशभरातल्या नोंदी गोळा करून २०१७ साली काही अभ्यासकांनी ऐंशी जातींच्या वन्यप्राण्यांवर कुत्र्यांचे हल्ले झाल्याचे नमूद केले. त्यांतल्या एकतीस जाती आधीच संकटात आहेत. राजस्थानच्या वाळवंटात माळढोकाच्या मागे हेच संकट लागले आहे, हे जाता जाता सांगतो.

आता नाण्याची दुसरी बाजू पाहू, कारण कुत्रे फक्त मारते असे नाही, मरतेही. अकोल्याच्या, म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या, उसाच्या पट्ट्यात बिबटे काय खातात हे विद्या अत्रेय यांनी त्यांच्या विष्ठेवरून शोधले. बिबट्याच्या पोटात गेलेल्या मांसापैकी एकोणचाळीस टक्के कुत्र्यांचे होते. शेळ्या त्या भागात कुत्र्यांच्या सात पट, पण शेळीचा वाटा अकरा टक्के. असे का? शेळी रात्री कोंडतात, कुत्रे मोकळे असते. आमची राखण करणाऱ्याला आम्ही ओसरीखाली सोडतो, आणि त्याच्यामागे बिबट्या अंगणापर्यंत येतो. म्हणजे मोकळे कुत्रे राखणदार तर नाहीच, उलट आमंत्रण ठरते. जंगलाजवळच्या गावात राहणाऱ्या आपल्या सोयऱ्यांना हे अवश्य सांगा. शेळीबरोबर कुत्रेही रात्री आत घ्यावे. ते आतून भुंकले तरी चोराला ऐकू जाते.

एक विषय मी टाळणार नाही, तो ऐकायला बरा नसला तरी. रेबीज, आपण ज्याला पिसाळणे म्हणतो. जगात या रोगाने मरणाऱ्यांपैकी छत्तीस टक्के माणसे भारतात मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आणि त्यांत मुले फार, कारण मूल घरी सांगत नाही. लक्षणे दिसली की उपाय जवळजवळ संपला. लक्षणांआधी मात्र उपाय पक्का आहे. ६ जुलै १८८५ रोजी लुई पाश्चरने नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला पहिली लस टोचली आणि ते पोर जगले. आपल्या वडीलधाऱ्यांना बेंबीभोवतीची चौदा इंजेक्शने आठवत असतील. त्या धास्तीने माणसे दवाखान्यात न जाता मांत्रिकाकडे जात. ती जुनी लस आपल्या देशात २००५ पूर्वीच बंद झाली. आता दंडात चार-पाच सुया, ठरलेल्या दिवशी, आणि जखम खोल असेल तर जखमेतच आणखी एक औषध. पण त्या सर्वांआधी घरच्या नळाखाली, साबण लावून, घड्याळ पाहून पंधरा मिनिटे जखम धुवा. हळद नको, चुना नको, तिखट नको, तेल नको. साबण विषाणूला मारतो, तिखट फक्त पोराला रडवते. नुसते ओरखडले असले, चाटलेल्या जागी सालपट निघालेले असले, तरी दवाखान्यात जावे. कुत्रे घरचे असेल तर दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवावी, पण सुई त्या दहा दिवसांची वाट पाहत नाही. इथे बसलेल्या आयांनी आज घरी गेल्यावर मुलांना एवढेच सांगावे की कुत्रा चावला तर रागावणार नाही, पण लपवू नकोस.

कुत्र्यांचे करायचे काय, यावर २०२५ साली देशभर मोठा वाद झाला. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतली मोकाट कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवायला सांगितले. २२ ऑगस्टला मोठ्या पीठाने त्यात बदल करून नसबंदी आणि लस करून ती मूळ जागी सोडावीत, पिसाळलेली आणि हिंस्र मात्र सोडू नयेत, असा आदेश दिला. नोव्हेंबरात शाळा, दवाखाने, बसस्थानके, रेल्वे स्टेशने यांच्या आवारातली कुत्री हलवण्याचा आदेश झाला. एका बाजूला कुत्र्यांवर जीव टाकणारे लोक, दुसऱ्या बाजूला ज्यांचे मूल चावले गेले ते. दोघांचे म्हणणे मी ऐकतो आणि मला वाटते की दोघेही त्या कुत्र्याच्या मालकाविषयी बोलतच नाहीत. गल्लीत बिस्किटे टाकणारा दयाळू माणूस त्या कुत्र्याच्या नसबंदीसाठी अर्धा दिवस काढीत नाही. त्याची दया बिस्किटाच्या पुड्यात मावते. आणि काठी घेऊन धावणारा आपल्याच कुत्रीची चार पिल्ले पोत्यात घालून रेल्वेच्या पलीकडे सोडून आलेला असतो. २०२३ च्या नियमांनी मोकाट कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक संस्थांची जबाबदारी ठरवली आहे. ग्रामसभेत रस्ता, नाली, दिवे यांवर आपण तासन् तास बोलतो, हा विषय कोणी काढलेला मला तरी आठवत नाही. येत्या ग्रामसभेत तो काढावा अशी माझी विनंती आहे, आणि पशुवैद्यकीय दवाखान्याच्या डॉक्टरांना त्या दिवशी मुद्दाम बोलवावे.

राहता राहिले आपले परस. त्याला कोणाचा आदेश लागत नाही. कुत्र्याचे पाणी दारापाशी, सावलीत, खोल भांड्यात. कुत्र्यालाही घाम जवळजवळ नाहीच, पंज्यांना थोडासा. ते जिभेने धापा टाकून थंड होते, म्हणून त्याला पाणी पुष्कळ लागते. परसाच्या टोकाला पाहुण्यांचे परळ. सकाळी सहा ते आठ आणि दुपारी चार ते सहा कुत्रे बांधावे, दाराकडच्या बाजूला, जिथून त्याला परळ दिसत नाही. बांधावे म्हणजे उन्हात बांधावे असे नव्हे. पत्र्याच्या छपराखाली साखळीने बांधलेले कुत्रे दुपारी दोन वाजता भाजून मरते, हे मी पाहिले आहे. पहिले चार दिवस ते ओरडेल. पाचव्या दिवशी झोपेल. परळातले पाणी दिवसाआड ओतून देऊन, घासून भरावे. साचलेल्या पाण्यात डासांची अंडी आठवड्याच्या आत उडू लागतात, आणि मग पाखरांसाठी ठेवलेले पाणी घरात डेंग्यू आणते.

हे सगळे फार तर पंचवीस-तीस दिवसांचे काम आहे. मृगाच्या सरी आल्या की बोड्यांत पाणी येते, बांधीत बेडूक ओरडू लागतात आणि परळाकडे कोणी फिरकत नाही. मग ते पालथे घालून गोठ्यात ठेवावे. कुत्रे तेवढे दाराशी राहते. त्याच्या लशीची तारीख कॅलेंडरवर सणवारांच्या खाली लिहून ठेवता येते. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की पहिली, डॉक्टर सांगतील तेव्हा दुसरी, आणि मग दरवर्षी एक. आमच्या घरी ती पोळ्याच्या चौकटीत लिहिलेली असते, कारण त्या दिवशी बैल धुतात, तेव्हा कुत्र्याचीही आठवण राहते.